साळवे मास्तरांचा उजवा स्पीकर

साळवे मास्तर गाडीतून उतरले तेच मान हलवत. पंधरा दिवसांतली ही त्यांची तिसरी खेप होती. मी एका एसयूव्हीच्या उघड्या दारात डोकं घालून बसलो होतो. खरं सांगतो, त्यांची पांढरी गाडी दुकानाकडे वळताना दिसली तेव्हाच माझ्या कपाळाला आठी पडली होती.

"विनायकराव, अजून तसंच आहे," ते म्हणाले. "उजवीकडचा बेसूर वाजतोय."

आता स्पीकर बेसूर वाजत नसतो. तो फाटतो, खरखरतो, त्याची आतली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, जळते, एखाद दिवशी पूर्ण मुका होतो. पण त्याला 'सा' दिला तर तो 'सा'च देणार. चिरका देईल, घोगरा देईल, सूर मात्र वर-खाली करणं त्याच्या हातात नाही. त्यातून एकाच बाजूचा सूर बदलायचा म्हणजे तर अशक्य. गाणं एकाच ठिकाणाहून येतं आणि दोन वाटांनी दोन दारांकडे जातं. बावीस वर्षं मी हा धंदा करतोय, मला हे झोपेतसुद्धा सांगता येईल. मास्तरांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हाच मी हातातलं काम खाली ठेवायला हवं होतं. मी ठेवलं नाही. हे लिहितोय ते त्यासाठीच.

सावेडीत माझं कार ऑडिओचं दुकान आहे. नवीन पाटीवर अहिल्यानगर लिहिलंय, बोलताना सगळे नगरच म्हणतात, मीही म्हणतो. दुकानात दोघंच, मी आणि अस्लमभाई. अस्लमभाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. टेपच्या कॅसेटी गाडीत अडकायच्या त्या काळापासून ते याच कामात आहेत. वायरिंग त्यांचं, आवाजाचं सेटिंग माझं. त्यांना कमी बोलायची सवय आहे आणि मला कमी ऐकून घ्यायची.

आमच्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं गाडीच्या काचा हलल्या पाहिजेत म्हणून येतात. डिकीत भला मोठा वूफर, वर एलईडीचा उजेड. त्यांचं काम आम्ही करतो, पोट त्याच्यावर चालतं. पण कधीतरी एखादा माणूस खरंच ऐकण्यासाठी येतो. मास्तर त्यातले. रिटायर्ड शिक्षक, राहणार कोल्हारचे. शाळेत गणित शिकवायचे, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख पेटीवाले मास्तर अशी. चर्चच्या क्वायरला गाणी बसवायची आणि हार्मोनियम दुरुस्त करायच्या, ही त्यांची दोन कामं. राहुरीपासून शेवगावपर्यंतच्या चर्चच्या आणि भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या. पेटीच्या आत पितळी पत्त्या असतात. पत्ती टोकाशी किंचित घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. हे काम यंत्रावर बघून करणारे आता बरेच आहेत. मास्तर कानानं करायचे. पेटीवर उजवा कान टेकल्यासारखे वाकायचे आणि कानस दोनदा फिरवून थांबायचे.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझीच परीक्षा घेतली. म्हणाले, दर रविवारी दोन-तीन गावांच्या उपासनेला जातो, क्वायरचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करतो आणि येताना गाडीत ऐकतो, कोण कुठं घसरलं ते समजायला. पण कंपनीच्या स्पीकरमध्ये बाया आणि पुरुष एकच वाटतात. मला प्रत्येक जण वेगळा ऐकू यायला हवा. वूफर नको, गाडी हलवायची नाहीये.

असं गिऱ्हाईक मिळालं की अंगावर मूठभर मांस चढतं. कंपनीच्या गाडीत येतात ते स्पीकर कागदी पडद्याचे आणि हलके असतात. दोष त्यांचा नाही, तेवढ्याच किमतीत ते बसवलेले असतात. मी पुढच्या दोन दारांत कंपोनंट सेट सुचवला. म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर खाली दारात आणि बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर वर काचेजवळ. सीटखाली चार चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर. दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट, म्हणजे डांबरासारखी जाड चिकटपट्टी, त्यामुळे पत्रा स्पीकरबरोबर थरथरत नाही. दोन दिवस लागले. अस्लमभाईंनी वायरी अशा ओढल्या की कंपनीनंच ओढल्यात असं वाटावं.

सेटिंगला मास्तरांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर गुडघ्याशी आणि डावा लांब. दोन्ही सारखे वाजवले तर सगळं गाणं उजव्या दारातून आल्यासारखं वाटतं. म्हणून उजवा थोडा कमी करायचा आणि सेकंदाच्या बारीकशा भागानं उशिरा सोडायचा. मग गाणारा बरोबर समोर, काचेच्या मधोमध उभा राहतो. हे जमलं की माणसाचा चेहरा बदलतो, ते बघण्यासारखं असतं.

मास्तरांनी आपल्या क्वायरचं रेकॉर्डिंग लावलं. डोळे मिटले. मिनिटभरानं म्हणाले, "दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरी. मार्था. दर वेळी कडव्याच्या शेवटी उतरते. वर्षभर मी शेजारणीवर संशय घेत होतो."

मी हसलो. तेही हसले. जाताना हात हातात घेऊन, ख्रिस्ती मंडळी निरोप घेताना म्हणतात तसं, "सलाम, विनायकराव" म्हणाले. माझा तो सबंध आठवडा झकास गेला.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, ते परत आले. कालपासून उजवी बाजू कमी येतेय म्हणाले. मला काही विशेष वाटलं नाही. उजवा मीच कमी करून ठेवलेला, एखादी सेटिंग सरकली असेल. मीटर लावलं. चाचणीचा एक ठरावीक आवाज असतो, नळाखाली बादली भरताना येतो तसा. तो दोन्ही बाजूंनी वाजवून मोजायचा. मोजला. तीन आठवड्यांपूर्वी जेवढा होता तेवढाच होता.

मग आम्ही अदलाबदल केली. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात खरी चाचणी. डावा स्पीकर उजवीकडे लावायचा आणि उजवा डावीकडे. दोष स्पीकरबरोबर पलीकडे गेला तर स्पीकर खराब. नाही गेला तर मागे सरकायचं. अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी बदलायच्या, मग त्याच्याही मागच्या. कुठंतरी दोष उडी मारतो आणि तिथं सापडतो.

दोष कुठंच उडी मारेना. आम्ही स्पीकर बदलले, वायरी बदलल्या, स्टीरिओच्या मागची पिनसुद्धा उलटी लावली. मास्तर दर वेळी डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, उजवीकडेच कमी आहे.

अस्लमभाईंनी मला बाजूला बोलावलं. काउंटरच्या मागं उभं राहून हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, गाडीत काय न्हाई. सगळं बदलून झालं. एकच गोष्ट बदलायची राहिली. मास्तरांना मागच्या सीटवर उलटं बसवा, डिकीकडं तोंड करून. मंग उजवा स्पीकर डाव्या कानाला येतो. बघा काय म्हनतात."

मला ते समजलं. समजलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मी अस्लमभाईंवर डाफरलो. म्हटलं, ज्या माणसाला अख्खा तालुका कानासाठी ओळखतो, त्याला मी दुकानात उलटं बसवून कान तपासू? काय वाटेल त्यांना? आणि आमच्यात एक रीत आहे, लिहिलेली नाही पण सगळे पाळतात. गिऱ्हाइकाच्या कानाबद्दल बोलायचं नाही. प्रत्येक जण आपला कान सोन्याचा आहे असं समजूनच येतो. तुम्हाला ऐकू येत नाही असं एकदा म्हटलं की तो माणूस परत येत नाही, शिवाय येणाऱ्या चौघांना अडवतो.

अस्लमभाईंनी खांदे उडवले आणि चहा सांगायला गेले.

मी उजवी बाजू सहा डेसिबलनं चढवली. डेसिबल म्हणजे आवाजाचं माप, आणि एका बाजूला सहा चढवणं म्हणजे पुष्कळच. माझ्या कानाला आता सगळा क्वायर उजव्या खिडकीतून बाहेर पडायला निघालाय असं ऐकू येत होतं. मास्तर म्हणाले, हं, आता जरा मधे आला. मी जॉबकार्डावर तारीख टाकून लिहिलं, 'उजवी बाजू कमी. सेटिंग केले.'

चौथ्या दिवशी ते पुन्हा हजर. या खेपेला 'बेसूर' हा शब्द पहिल्यांदा आला. उजवीकडून तोच सूर थोडा उतरून येतो, दोन बाजू एकमेकींशी भांडतात असं त्यांनी सांगितलं. शिवाय बारीक शिट्टीसारखा आवाज सारखा येतो. गाडी बंद असतानाही येतो का, असं मी विचारलं. येतो म्हणाले. अ‍ॅम्प्लिफायरला बॅटरीची लाइन चालू राहिली तर तसा आवाज येऊ शकतो, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी तिथंच थांबलो. गाडीतून उतरल्यावर येतो का, हा पुढचा प्रश्न होता. तो मी विचारला नाही.

दुकानात त्या दिवशी तीन गाड्या उभ्या होत्या. एक माणूस फोनवर माझी वाट बघत होता. मी उजव्या दाराचा स्पीकर काढला, नवीन बसवला. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंग दुसऱ्या बोल्टला घेतली. जुना स्पीकर हातात धरून पडदा बोटांनी दाबून पाहिला. मऊ, सरळ, अगदी नवाकोरा होता. आणि मास्तरांना सांगितलं, "सापडला फॉल्ट. कॉइल घासत होती आतून. आता चिंता नाही."

हे आम्ही करतो. मी एकटा नाही, गाडीचे मेकॅनिक करतात, टीव्हीवाले करतात, मिक्सर दुरुस्त करणारेही करतात. दोष सापडला नाही तरी त्याला नाव द्यायचं. नाव दिलं की गिऱ्हाईक शांत होतं, घरी जातं आणि दहांतल्या आठ वेळा तक्रार आपोआप मिटते, कारण ती मनाचीच असते. बावीस वर्षांत मी किती कॉइली घासायला लावल्या याचा हिशेब नाही.

मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, देवाची कृपा, मला वेगळंच वाटायला लागलं होतं. वेगळं म्हणजे काय, तेही मी विचारलं नाही.

त्यानंतर अकरा दिवस ते आले नाहीत. मी अस्लमभाईंना म्हटलंसुद्धा, बघा, मिटलं ना. ते पुढच्या गाडीचं दार उघडायला गेले.

आणि मग ही तिसरी खेप. एसयूव्हीचं दार तसंच टाकून मी बाहेर आलो. मास्तर थकलेले दिसत होते. दाढी वाढलेली. अशा अवस्थेत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आधी ते गाडीबद्दल बोलले, मग आवाज खाली आणून म्हणाले की शेवगावच्या एका भजनी मंडळानं पेटी परत पाठवली. गेल्या आठवड्यातच लावून दिली होती. लागलेलीच नाही म्हणतात.

"चाळीस वर्षांत माझ्याकडची पेटी परत आली नव्हती," मास्तर म्हणाले. "मी म्हटलं, त्या खराब स्पीकरनं कान बिघडवलाय माझा. ऐकून ऐकून सवय लागली असेल. जाईल हळूहळू."

मी काय बोलणार होतो ते आता आठवत नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो उजव्या कानाला लावला. हॅलो म्हणाले. पुन्हा हॅलो म्हणाले. फोन समोर धरून स्क्रीन बघितली, परत उजव्या कानाला लावला. "रेंज नाही," असं मला म्हणाले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो, आणि पलीकडची बाई 'अहो, ऐकताय का, अहो' म्हणत होती ते मला स्वच्छ ऐकू येत होतं.

अस्लमभाईंनाही ऐकू आलं. त्यांनी पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"मास्तर, फोन डाव्या कानाला लावा," मी म्हटलं.

त्यांनी लावला. आणि त्यांना सगळं समजलं. समजलं ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. बायकोला दोन शब्दांत नंतर बोलतो म्हणाले, फोन खिशात घातला आणि तिथंच स्टुलावर बसले. बराच वेळ डाव्या कानावर हात दाबून बसले होते. रस्त्यावरून टेम्पो जात होता, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. हात काढायचे, पुन्हा दाबायचे. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून सावेडीतल्याच एका कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तिथं एका बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. आलेखावर डाव्या कानाची रेघ वरून चालली होती आणि उजव्याची दरीत उतरावी तशी खाली. डॉक्टर साधे, सरळ बोलणारे होते. म्हणाले, याला एकाएकी येणारं बहिरेपण म्हणतात. कधी कधी कारण सापडतच नाही. कानातली नस अचानक काम कमी करते. कान भरल्यासारखा वाटतो, आत शिट्टी वाजते, आणि दोन कानांना एकच सूर वेगवेगळा ऐकू येतो.

मास्तरांच्या तक्रारी त्यांनी जशाच्या तशा सांगितल्या. मास्तरांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तर आठवायला लागले. त्यांना नक्की सांगता येईना. मला सांगता येत होतं. निघताना सवयीनं मी त्यांचं जॉबकार्ड खिशात घातलं होतं. ते मी टेबलावर ठेवलं. माझ्या अक्षरात पहिली तारीख, 'उजवी बाजू कमी.' दुसरी तारीख, 'बेसूर, शिट्टी.' डॉक्टरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, माझं कार ऑडिओचं दुकान आहे. त्यांनी पुन्हा कार्डाकडे पाहिलं. मग त्यांनी दिवस मोजले.

"सोळा," ते म्हणाले. "पहिल्या चार-पाच दिवसांत आला असतात तर शक्यता बरीच होती. खात्री मी तेव्हाही दिली नसती. पण दोन आठवड्यांच्या आत औषधाचा जो उपयोग होतो तो नंतर होत नाही. तरी आपण करू."

ते मास्तरांशी बोलत होते, पण मी मान वर करू शकलो नाही. तक्रार घेऊन ते पहिल्यांदा दुकानात आले तो आजाराचा दुसरा दिवस होता. दुसऱ्यांदा आले तो सहावा. दोन्ही वेळा ते आजार घेऊन माझ्या दारात आले होते. मी एकदा तो सहा डेसिबलनं झाकला आणि एकदा त्याला कॉइलीचं नाव दिलं.

उपचार झाले. गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शनं झाली. दर आठवड्याला ते कोल्हारहून यायचे. मी विचारायला फोन करायचो, एक-दोन वेळा घरी जाऊन आलो. ते मला एकदाही वाकडं बोलले नाहीत, आणि मला ते बोलले असते तर बरं झालं असतं असं वाटायचं. कानात थोडी घरघर परत आली, शब्द परत आले नाहीत. शिट्टी राहिली ती राहिलीच.

दोन महिन्यांनी ते बायकोबरोबर दुकानात आले. रूथकाकू, उंच, सावळ्या, स्पष्ट बोलणाऱ्या. मास्तरांना गाडीत एक बदल हवा होता. सगळं गाणं डाव्या बाजूला आणून द्या म्हणाले. उजवीकडं निम्मं गाणं वाया जातंय.

याला आम्ही मोनो करणं म्हणतो. दोन वाटांनी येणारं गाणं एकत्र करून एकाच वाटेनं सोडायचं. वीस मिनिटांचं काम. जो क्वायर मी मोठ्या हौसेनं काचेच्या मधोमध ओळीत उभा केला होता, तो सगळा गोळा करून डाव्या दारात बसवला आणि उजवा बंद केला. मास्तर ऐकत बसले. माणसं वेगळी ऐकू येत नव्हती, येणं शक्यच नव्हतं. ते म्हणाले, ठीक आहे, शब्द तरी कळतात.

रूथकाकू बाहेर माझ्याजवळ उभ्या होत्या. "म्या दुसऱ्याच दिवशी म्हनले, कान दाखवा," त्या म्हणाल्या. "कान भरल्यावानी झालाय म्हनत हुते सकाळी उठल्याबरूबर. तर म्हनले, तुला काय कळतं, गाडीतच दोष हाय. आन मंग तुमच्याकडून आले, म्हनले बघ, कॉइल घासत हुती, दुकानवाल्यानी काढला दोष. लई खूश हुते. मंग मीबी गप बसले."

अस्लमभाई आत वायरीचा गुंडाळा करत होते, त्यांनी तो एकदा सोडला आणि पुन्हा करायला घेतला.

मास्तर गाडीतून उतरले. शिक्षकी पेशाचा माणूस, बोलायच्या आधी थोडं थांबतो. त्यांनी विचारलं, "विनायकराव, तुम्ही तो स्पीकर काढला होता. कॉइल घासणारा. तो कुठं आहे?"

खोटं बोलायला जागा होती. भंगारात गेला म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण रूथकाकू शेजारी उभ्या होत्या आणि मला अजून एक खोटं उचलवेना.

"दुसऱ्या गाडीत बसवला," मी म्हटलं.

"वाजतोय?"

"चांगला वाजतोय. त्याला काही झालं नव्हतं, मास्तर. मला दोष सापडलाच नव्हता."

ते माझ्याकडे बघत राहिले. डावा कान माझ्याकडे करायची सवय त्यांना एव्हाना लागली होती, त्यामुळे तोंड थोडं तिरपं. रागावले नाहीत. वर्गात एखाद्या हुशार मुलानं साध्या बेरजेत चूक करावी तसे बघत होते.

"तुम्ही सापडला म्हणालात ना," ते म्हणाले, "त्या रात्री मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा निवांत झोपलो. म्हणजे पाचच दिवस झाले होते तेव्हा. पण मला पंधरा वाटले होते. घरात सगळ्यांना सांगितलं, माझा कान शाबूत आहे."

मी माफी मागितली. ती त्यांना पूर्ण ऐकू गेली की नाही, माहीत नाही, कारण मी फार हळू बोललो आणि ते तोवर गाडीकडे वळले होते. परत मोठ्यानं म्हणायचं धाडस झालं नाही. निघताना सलाम केला त्यांनी. रूथकाकूंनी केला नाही.

मास्तर आता पेट्या लावत नाहीत. त्या भागातल्या पेट्या पुण्याला पाठवतात असं ऐकतो. क्वायर अजून त्यांच्याकडेच आहे. मागच्या महिन्यात कोल्हारचं एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यानं सांगितलं की मास्तर पूर्वी मंडळींच्या समोर मधोमध उभे राहून गाणं घ्यायचे, आता एकदम उजव्या टोकाला भिंतीला लागून उभे राहतात, म्हणजे सगळे डावीकडे येतात. आणि मार्था कडव्याच्या शेवटी उतरते ती उतरतेच, पण तिला कुणी टोकत नाही.

माझ्याकडे आता कोणी एका बाजूचा आवाज कमी येतो म्हणून आलं, तर वायरी उलट्यासुलट्या करून झाल्यावर शेवटी त्या माणसालाच मागच्या सीटवर उलटं बसवतो. लोक चिडतात. दोघं तर तसेच गाडी घेऊन निघून गेले. अस्लमभाई म्हणतात, भाऊ, हे आधी केलं असतं तर. मी म्हणतो, हो.

आणि दोष सापडला नाही, तर सापडला नाही असंच सांगतो. हे वाक्य धंद्याला बरं नाही. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, मग तुम्हाला येतं तरी काय म्हणतं, आणि दुसरीकडे जातं. जाऊ देतो. त्याला दुसरीकडेच जायची गरज असेल, हे आता मला माहीत आहे.